रंगांचे अर्थ शोधण्याआधी अल्बम हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. डिझाइनच्या अभ्यासक्रमात तुम्हाला एका पॉप अल्बमच्या पॅकेजिंगचं दृश्य विश्लेषण लिहायचं आहे. तुम्ही बारा पानं लिहिलीत. त्यात ‘काळा रंग दुःखाचं प्रतीक’, ‘गुलाबी रंग प्रेमाचं प्रतीक’, ‘हाताने लिहिलेल्या अक्षरांतून आपुलकी जाणवते’ अशी वाक्यं आहेत. पुस्तिकेतलं एक पान पूर्ण कोरं आहे, त्याला तुम्ही ‘एकटेपणाचं प्रतीक’ म्हटलंत. शिक्षकांनी ‘हे वर्णन झालं, विश्लेषण कुठे आहे?’ एवढाच शेरा मारून निबंध परत दिला. नेमकं काय बदलायचं आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवं आहे.

मी बावीस वर्षं अल्बमची आणि पुस्तकांची आवरणं करते आहे, आणि विद्यार्थ्यांचे असे निबंधही बरेच वाचलेत. तुमचं निरीक्षण कमी पडलेलं नाही. अडचण ही आहे की अल्बमसमोर बसून तुम्ही मनातला शब्दकोश उघडलात. काळा म्हणजे अमुक, गुलाबी म्हणजे तमुक. असा कोश वापरला की अल्बम कोणताही असो, उत्तर तेच येतं. आणि जे उत्तर कोणत्याही अल्बमला चालतं, ते तुमच्या अल्बमबद्दल काहीच सांगत नसतं.

काम करणाऱ्याच्या बाजूने हे सगळं फार वेगळं दिसतं. एका कव्हरसाठी टेबलावर आठ-दहा नमुने पडलेले असतात. एकात चेहरा मोठा, एकात लहान, एकात नाहीच. एकात नाव वर, एकात कडेला. चर्चा होते, वाद होतात, एक नमुना राहतो आणि बाकीचे जातात. तुमच्या हातात पोहोचतो तो राहिलेला नमुना. विश्लेषण म्हणजे त्या गेलेल्या नमुन्यांचा माग काढणं. समोरच्या प्रत्येक गोष्टीला विचारा: इथे दुसरं काय असू शकलं असतं? ते असतं तर काय गेलं असतं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं की तुम्ही वर्णनाच्या पलीकडे गेलात. खाली जे लिहिते आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवती आहे.

सुरुवात संगणकापासून दूर करा. अल्बम, मोजपट्टी, पेन्सिल आणि वही एवढंच घेऊन बसा. आधी बाहेरची मापं घ्या, कण्याची, म्हणजे रांगेत उभ्या अल्बमच्या दिसणाऱ्या अरुंद कडेची, जाडी घ्या. मग उघडण्याचा क्रम लिहून काढा: आधी काय सुटतं, मग काय सरकतं, काय उलटतं, कशाला दोन हात लागतात, काय अंगावर पडतं, तबकडी कितव्या पायरीला दिसते. पॅकेजिंग ही वेळेत घडणारी गोष्ट आहे. ते सपाट चित्र म्हणून पाहिलं की निम्मं हरवतं. तुमची पहिली वेळ तर होऊन गेली आहे. म्हणून ज्याने तो अल्बम पाहिलेला नाही अशा एखाद्या मैत्रिणीच्या हातात तो द्या आणि काही न बोलता तिचे हात बघत बसा. अंगठा कुठे जातो, ती काय उलटं धरते, कुठे थांबते. नव्या कामाची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, तयार झाली की मी हेच करते, आणि दर वेळी काहीतरी असं दिसतं जे महिनाभर पडद्यावर बघूनही दिसलेलं नसतं.

हात काय सांगतात त्याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे पेट शॉप बॉइज या जोडीचा १९९३ चा ‘व्हेरी’. सीडीची नेहमीची डबी पारदर्शक, म्हणजे आतला छापील कागद हेच तिचं रूप आणि प्लॅस्टिक जणू नसल्यासारखं. ‘व्हेरी’ची डबी केशरी, अपारदर्शक प्लॅस्टिकची होती आणि तिच्या पृष्ठभागावर उठावाचे गोल टेंगूळ होते. ती पेंटाग्राम या डिझाइन संस्थेच्या डॅनियल वाइल यांनी डिझायनर मार्क फॅरो यांच्यासोबत केली होती. आता ‘केशरी म्हणजे उत्साह’ असं लिहून बघा. किती थोडं हाती लागतं! त्याऐवजी विचारा की इथे काय बाजूला ठेवलं. चित्र दाखवणारी खिडकी बाजूला ठेवली. जी डबी जगातल्या प्रत्येक सीडीला सारखीच असते आणि म्हणून कुणालाच दिसत नाही, तीच या अल्बमची ओळख झाली. डोळे मिटूनही हा अल्बम रांगेतून ओळखता येतो. ही वाक्यं दुसऱ्या अल्बमला चिकटवता येत नाहीत, आणि हीच त्यांची कसोटी आहे.

स्पिरिच्युअलाइज्ड या बँडच्या १९९७ च्या ‘लेडीज अँड जंटलमेन वुई आर फ्लोटिंग इन स्पेस’ या अल्बमची एक आवृत्ती औषधाच्या खोक्यासारखी होती आणि तबकडी गोळ्यांसारखी पन्नीच्या पाकिटातून दाबून बाहेर काढावी लागे. तेही फॅरो यांच्याकडचंच काम. तिथे ‘संगीत हे औषध आहे’ असं कुणी लिहून सांगत नाही. अंगठा पन्नीवर दाब देतो आणि ते समजतं. तुमच्या अल्बममध्ये हाताला असं काही करावं लागत असेल तर निबंधात त्याला सगळ्यात जास्त जागा द्या.

तुमच्याकडे प्रत्यक्ष वस्तू नसेल आणि फक्त फोटो बघून लिहिणार असाल, तर तसं पहिल्या परिच्छेदात सांगून टाका आणि कागद, वजन, स्पर्श यांबद्दल एक शब्दही लिहू नका. पडद्यावर मॅट आणि चमकदार यांतला फरकसुद्धा धड कळत नाही.

आता आकार. हे विद्यार्थी बहुतेक सोडून देतात. १९४० च्या सुमारास कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण डिझायनरने तबकड्यांच्या संचांवर चित्रं छापायला सुरुवात केली. त्याआधी बहुतेक संच साध्या कागदात, नुसत्या नावासह विकले जात. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी मोठी तबकडी, आली आणि डिझायनरला साधारण साडेएकतीस सेंटिमीटरचा चौकोन मिळाला. १९८२ मध्ये सीडी आली आणि तो चौकोन जेमतेम बारा सेंटिमीटरचा झाला, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ सातवा हिस्सा. आज बहुतेक लोक कव्हर प्रथम बघतात ते फोनवर, नखाएवढं. म्हणून तुमच्या अल्बमचं मुखपृष्ठ तीन आकारांत छापून घ्या: एलपीएवढं, सीडीएवढं आणि नखाएवढं. तीनही टेबलावर ठेवा आणि काय टिकतं, काय गळतं ते पेन्सिलने टिपा. कव्हर कोणत्या आकारासाठी रचलं गेलं ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. चार्ली एक्ससीएक्सच्या २०२४ च्या ‘ब्रॅट’चं कव्हर म्हणजे भगभगीत हिरवा चौकोन आणि मध्ये लहान लिपीत किंचित धूसर चार अक्षरं. ते नखाएवढं केलं तरी त्यातलं काहीच जात नाही. उलट बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स’वरची ती माणसांची गर्दी फोनवर रंगीत भुशासारखी दिसते, कारण ती मांडीवर ठेवून, गाणी चालू असताना एकेक चेहरा ओळखत बसण्यासाठी केली होती. यात कुणाचं भारी आणि कुणाचं हलकं असं काही नाही. दोघांनी डोळ्याचं अंतर वेगवेगळं धरलं होतं.

आता एक अल्बम जरा जवळून बघू, म्हणजे पद्धत हातात येईल. टेलर स्विफ्टचा ‘१९८९’ घेते, कारण तो बहुतेकांनी पाहिलेला आहे आणि त्यात कव्हर ते पुस्तिका असा एकच धागा नीट ओढलेला आहे.

२०१४ च्या मूळ मुखपृष्ठावर पोलरॉइड फोटो आहे. पांढरट चौकट, खालच्या पट्टीवर मार्करने लिहिल्यासारखं ‘टी. एस.’ आणि ‘१९८९’. फोटोत गायिका आहे, पण चौकटीची वरची कड तिच्या डोळ्यांच्या खालीच येते. दिसतात ते लाल ओठ आणि अंगातल्या स्वेटशर्टवर उडणारे समुद्रपक्षी. इथे शब्दकोश म्हणेल: पोलरॉइड म्हणजे आठवण, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य. थांबा. आधी बदलून बघा.

चौकट वर सरकवून डोळे आत घ्या. मनातल्या मनात करता येत नसेल तर कागदाचा तुकडा लावून चेहरा पुरा काढा. काय होतं? तो लगेच एका प्रसिद्ध व्यक्तीचा फोटो होतो. आपली नजर चेहऱ्यात आधी डोळे शोधते, आणि डोळे सापडले की बाकीचं बघणं जवळजवळ थांबतं. डोळे काढून घेतल्यामुळे नजरेला बसायला जागा उरत नाही. ती ओठांवर जाते, पक्ष्यांवर जाते, खालच्या अक्षरांवर येते, पुन्हा वर जाते. शिवाय पॉप अल्बमच्या मुखपृष्ठावर गायिकेचा चेहरा हे जवळपास गृहीतच असतं, त्यामुळे अर्धा कापलेला चेहरा ही नुसती मांडणी राहत नाही, तो नकार होतो. आता पोलरॉइडऐवजी नेहमीचा स्टुडिओ फोटो ठेवून बघा. कापलेला चेहरा तिथे चूक वाटेल किंवा फॅशनच्या जाहिरातीसारखा वाटेल. घाईत काढलेल्या पोलरॉइडमध्ये मात्र डोकं कापलं जाणं रोजचंच. म्हणजे पोलरॉइड या माध्यमाने त्या नकाराला निमित्त दिलं. दोन निर्णय एकमेकांना धरून उभे आहेत, एक काढला की दुसरा कोसळतो. अशी जोडी सापडली की समजा, कव्हरच्या मुळाशी पोहोचलात.

आता आत चला. अल्बमच्या सीडीसोबत तेरा पोलरॉइडसारख्या फोटोंचं पाकीट होतं. एकूण फोटो पासष्ट, म्हणजे तेरांचे पाच वेगवेगळे संच. प्रत्येक फोटोखाली गाण्याची एखादी ओळ. खरा पोलरॉइड एकमेव असतो, त्याच्या प्रती निघत नाहीत. लाखोंनी छापल्या जाणाऱ्या वस्तूला तो एकमेवपणा देणं अशक्य, पण तुझ्या पाकिटातले आणि तिच्या पाकिटातले फोटो वेगळे असू शकतात, एवढं साधता येतं. पुस्तिकेत गाण्यांच्या बोलांमध्ये मधूनच आलेली कॅपिटल अक्षरं जोडत गेलं की प्रत्येक गाण्यात लपलेलं एक वाक्य मिळतं, आणि ती वाक्यं ओळीने वाचली की एक गोष्ट होते. मुखपृष्ठावर डोळे लपवले होते. आत फोटो आणि लपलेली वाक्यं देऊन वाचकाला शोधायला बसवलं. बाहेर रोखून धरायचं आणि आत थोडं थोडं द्यायचं, असा हा एकच हात पहिल्या कडेपासून शेवटच्या पानापर्यंत फिरला आहे.

व्यवहाराची बाजूही लिहा. अल्बम आला त्यानंतर आठवडाभरात टेलर स्विफ्टने आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेतली होती. गाणी ऐकायला तबकडी लागेनाशी झाली होती त्या काळात, तबकडीसोबतच मिळेल असं काहीतरी देणं हा विक्रीचा विचार होता. तो लिहायला संकोच करू नका. पॅकेजिंग विकण्यासाठीच केलं जातं आणि त्यातलं उत्तम कामही विकण्यासाठीच झालेलं आहे. प्रश्न एवढाच विचारायचा की विक्रीची युक्ती आणि अल्बमचा आशय एका दिशेने जातात का. इथे जातात.

मग २०२३ ची पुन्हा ध्वनिमुद्रित आवृत्ती शेजारी ठेवा. तिच्या कव्हरवर पूर्ण चेहरा आहे, मनापासून हसणारा, आणि समुद्रपक्षी कपड्यावरून उडून मागच्या आकाशात गेले आहेत. हे दुसरं कव्हर एकटं बघितलं तर समुद्रकाठचा प्रसन्न फोटो, यापलीकडे काय म्हणणार? पहिल्याशेजारी ठेवल्यावर त्यातली प्रत्येक गोष्ट बोलायला लागते.

शेजार हा माझ्या मते विश्लेषणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ‘काळा म्हणजे दुःख’ यातली खरी चूक इथेच आहे: रंगाला एकट्याने अर्थ नसतो, तो कुणाच्या शेजारी आणि कुणाच्या नंतर येतो त्यावरून येतो. बीटल्सच्या १९६८ च्या दुहेरी अल्बमचं कव्हर पूर्ण पांढरं आहे, नाव फक्त उठावात, आणि सुरुवातीच्या प्रतींवर अनुक्रमांक. ते चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांचं काम. कोशात पांढरा म्हणजे शांती किंवा पावित्र्य. पण वर्षभर आधी याच चौघांच्या अल्बमवर रंगांची आणि चेहऱ्यांची जत्रा होती, आणि दुकानभर त्याची नक्कल चालली होती. त्या गजबजाटात हा पांढरा चौकोन ठेवला की तो मोठ्याने बोलायला लागतो. आणि लाखोंनी छापलेल्या वस्तूवर अनुक्रमांक टाकणं म्हणजे चित्रकाराच्या मोजक्या प्रतींची रीत कारखान्याच्या मालाला लावणं. बियॉन्सेचा डिसेंबर २०१३ चा, तिच्याच नावाचा अल्बम बघा. मुखपृष्ठ काळं, त्यावर गुलाबीसर ठळक अक्षरांत नाव, फोटो नाही. दुःखाचा इथे काही संबंध नाही. त्या अल्बममध्ये चौदा गाण्यांसोबत सतरा व्हिडिओ होते. आत एवढी चित्रं ठासून भरलेली असताना बाहेर एकही न ठेवणं, हा तिथला निर्णय. तुमच्या अल्बमच्या बाबतीत त्याच गायकाचे आधीचे दोन अल्बम आणि त्याच वर्षीचे त्याच प्रकारचे पाच-सहा अल्बम शेजारी मांडा. मग काळ्याबद्दल बोला.

अक्षरांबद्दल थोडक्यातच सांगते. फॉन्टचं नाव शोधण्यात दिवस घालवू नका. अक्षर कशाने काढल्यासारखं दिसतं (ब्रश, मार्कर, यंत्र), ते चित्राच्या वर ठेवलंय की चित्रातच मिसळलंय, आणि गायकाचं नाव मोठं की अल्बमचं, एवढं पाहा. नाव मुखपृष्ठावर नसेल तर ती मोठी गोष्ट आहे: ज्याला ओळख द्यायची गरज वाटत नाही किंवा जो चित्रालाच ओळख करू पाहतो, तोच नाव काढतो. तुम्ही ‘हाताने लिहिलेली अक्षरं आपुलकी दाखवतात’ म्हटलंत. ती खरंच हाताने लिहिलेली आहेत का, ते तपासा. एकच अक्षर दोन जागी आलं असेल तर दोन्ही जागा भिंगाखाली धरा. तंतोतंत सारखी असतील तर तो फॉन्ट आहे, आणि तुम्हाला ‘हाताने लिहिल्यासारखं दिसावं असं ठरवलं’ असं लिहावं लागेल. वाक्य बदलतं, विचारही बदलतो.

क्रमाकडे परत येते, कारण पॅकेजिंगची खरी ताकद तिथे आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’चा लोलक सगळ्यांना माहीत आहे. हिप्नॉसिस या संस्थेचं काम, लोलकाचं चित्र जॉर्ज हार्डी यांचं. पण बहुतेकांनी पुढची बाजूच पाहिलेली असते. मूळ एलपी उघडली की लोलकातून निघालेला रंगांचा पट्टा आतल्या दोन पानांवरून पुढे जातो आणि मध्येच हृदयाच्या ठोक्यांची रेषा होतो. मागच्या बाजूला तो उलट्या लोलकात शिरून पुन्हा पांढरा किरण होतो. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीच्या मागून निघालेला किरण दुसरीच्या पुढे लागतो. अल्बमची सुरुवात आणि शेवट हृदयाच्या ठोक्यांनीच होतो, म्हणजे आवाजातलं वर्तुळ कागदावरही पूर्ण होतं. हे पुढच्या बाजूच्या फोटोवरून कधीच कळलं नसतं.

कोरियन पॉपमध्ये ही गोष्ट आणखी पुढे गेली आहे. तिथे एका अल्बमच्या अनेक आवृत्त्या निघतात. बीटीएसच्या ‘लव्ह युवरसेल्फ’ मालिकेत २०१७ च्या ‘हर’च्या आवृत्त्या एल, ओ, व्ही, ई, २०१८ च्या ‘टिअर’च्या वाय, ओ, यू, आर, आणि त्याच वर्षीच्या ‘आन्सर’च्या एस, ई, एल, एफ. बारा कव्हरं मिळून मालिकेचं नाव तयार होतं, आणि एका अल्बमची चार कव्हरं शेजारी ठेवली की त्यांवरची रेघ जोडली जाते. ‘हर’ पांढरा आणि ‘टिअर’ काळा. इथे काळ्याचा अर्थ पांढऱ्याने ठरवला आहे, कोशाने नाही. हे देखणं आहे, आणि त्याच वेळी ज्याला रेघ पूर्ण हवी त्याला चार प्रती घ्याव्या लागतात. अल्बमसोबत मिळणाऱ्या फोटोकार्डांचं, म्हणजे गायकांच्या फोटोंच्या छोट्या कार्डांचंही तसंच. २०१० मध्ये गर्ल्स जनरेशनच्या ‘ओह!’ या अल्बमपासून ती रूढ झाली. पाकिटात कुणाचं कार्ड निघेल हे आधी कळत नाही, म्हणून लोक पुन्हा विकत घेतात आणि आपसात अदलाबदल करतात. अशा अल्बमवर लिहिताना दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात ठेवा. सौंदर्य एका प्रकरणात आणि विक्री दुसऱ्या प्रकरणात अशी वाटणी केली की दोन्ही अर्धवट राहतात, कारण डिझायनरने ती एकत्रच सोडवलेली असतात. न विकत घेतलेली कव्हरं रचनेचा भाग असणं, हा त्या रचनेचा गाभाच आहे.

आता छपाईबद्दल, कारण तुमचा अल्बम काळा आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गायिकेच्या अल्बमचं घडीचं कव्हर आम्ही पूर्ण काळं केलं होतं. पांढऱ्या कागदावर काळी शाई, वर मॅट लॅमिनेशन. पडद्यावर ते अप्रतिम दिसत होतं. प्रती आल्या तेव्हा प्रत्येक घडीवर शाई तडकून केसाएवढी पांढरी रेघ उमटली होती, आणि मॅट पृष्ठभागावर बोटांचे ठसे असे बसत होते की पुसायला गेलं की तिथे चमक यायची. ती गायिका एकेक प्रत उचलून घडीवरून नख फिरवत होती. मला अजून तो आवाज आठवतो. चूक माझी होती. पुढच्या वेळी मी लगद्यातच रंगवलेला काळा कागद घेतला आणि अक्षरं चंदेरी फॉइलने उठवली. घडी आतूनही काळीच राहिली.

हे सांगण्याचं कारण असं: तुमच्या अल्बमची कापलेली कड प्रकाशात धरा. कागद आतून पांढरा दिसतो की काळा? आतून काळा असेल तर कुणीतरी जास्त खर्च करून, अक्षरांसाठी शाईऐवजी फॉइल किंवा पांढरी छपाई पत्करून तो घेतला आहे. मग काळा हा त्या वस्तूचा स्वभाव आहे, नुसता वर चढवलेला थर नाही, आणि हे वाक्य तुम्ही पुराव्यासह लिहू शकता. आतून पांढरा असेल तर काळ्या भागाकडे तिरकस बघा. नुसती काळी शाई मोठ्या जागेत करडी, धुवट दिसते. तिच्याखाली निळी किंवा आणखी शाया दिल्या की ती खोल होते. तो काळा खोल आहे की धुवट? चमकदार यूव्ही लेपाने त्याच्यावर काही छुपं छापलंय का? दिवा हलवून बघा. खूपदा काळ्यावर काळ्याने केलेली नक्षी समोरून दिसतच नाही.

उलटसुलट अर्थ लावताना एक पथ्य पाळा. डिझायनरच्या मनात काय होतं हे पुराव्याशिवाय लिहू नका. जॉय डिव्हिजन या बँडच्या १९७९ च्या ‘अननोन प्लेझर्स’वरच्या पांढऱ्या रेघांना लोकांनी डोंगर म्हटलं, आवाजाच्या लहरी म्हटलं. प्रत्यक्षात तो एका पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांचा आलेख आहे. केंब्रिजच्या खगोलशास्त्राच्या कोशात तो पांढऱ्यावर काळा छापलेला होता, डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी तो उलटा करून काळ्यावर पांढरा केला. मग डोंगर दिसणं चूक का? मुळीच नाही. आलेखासोबतचा खुलासा काढून टाकल्यामुळेच तो डोंगर दिसू शकतो, आणि तो काढणं हाही निर्णयच आहे. तुम्ही असं लिहा: ‘मूळ आलेखाचा खुलासा काढून टाकल्यामुळे बघणाऱ्याला त्यात डोंगर, लाटा किंवा आवाज पाहता येतो.’ ‘डिझायनरला डोंगर सुचवायचे होते’ असं नको. पहिलं वाक्य वस्तूबद्दल आहे आणि तपासता येतं.

तुमचंच एक वाक्य घेऊन दाखवते. तुम्ही लिहिलंत: ‘गुलाबी रंग प्रेमाचं प्रतीक असून तो काळ्या रंगावर उठून दिसतो.’ तुमच्या वर्णनावरून कळतं की गुलाबी फक्त तीन जागी आहे: कण्यावरचं नाव, तबकडी आणि शेवटच्या पानावरची एक ओळ. मग असं लिहून बघा: ‘मुखपृष्ठावर गुलाबी कुठेही नाही. तो प्रथम कण्यावर दिसतो, म्हणजे अल्बम रांगेत उभा असतानाच. हातात घेऊन समोर धरला की तो नाहीसा होतो आणि तबकडीपर्यंत पोहोचल्यावर परत येतो. त्यामुळे गुलाबी हा आवाजाच्या सगळ्यात जवळ असलेल्या वस्तूचा रंग ठरतो, आणि कणा ही त्याची पूर्वसूचना.’ प्रेम हा शब्द न वापरता जास्त सांगून झालं. तीन जागांऐवजी गुलाबी सगळीकडे असता तर ही वाटच उरली नसती, हेही पुढच्या वाक्यात जोडता येईल.

शेवटी ते कोरं पान. ते मला सगळ्यात आवडलं, कारण ते दोन्हीपैकी काहीही असू शकतं. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असतात: बारा, सोळा, वीस. मजकूर एकोणीस पानांत संपला तर विसावं पान कोरं राहतंच. तेव्हा आधी पानं मोजा, मुखपृष्ठ-मलपृष्ठ धरून. मग कोरं पान कुठे आहे ते बघा. अगदी शेवटी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला असेल तर बहुधा हिशेबातून उरलेलं आहे, आणि त्याबद्दल एकटेपणा वगैरे काही लिहू नका. पण ते पुस्तिकेच्या मध्ये असेल, त्याच्या आधी आणि नंतर मजकूर असेल, आणि शेवटची पानं श्रेयनामावलीने गच्च भरलेली असतील, तर जागेची टंचाई असतानाही ते कोणीतरी राखलं आहे. मग ते उजव्या हाताला आहे की डाव्या, हे पाहा. उजवं पान उलटताना प्रथम नजरेत येतं, म्हणून तिथला कोरेपणा जास्त जाणवतो. त्याआधी कोणत्या गाण्याचे बोल संपतात आणि नंतर कोणतं गाणं सुरू होतं ते लिहून ठेवा. मग ती दोन गाणी लागोपाठ ऐका आणि त्यांच्यामध्ये किती सेकंद शांतता आहे ते घड्याळ लावून मोजा. ती दोन टिपणं, पानाची आणि शांततेची, शेजारी ठेवून पुढचा परिच्छेद लिहा.